गुरुजींची चिता थांबवली तो दिवस

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात लोक मला गाठतात आणि खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. त्यातल्या निम्म्याअधिक मी विसरलो आहे. वैशाखातल्या एका संध्याकाळी मी एका गावच्या घाटावर रचलेली चिता थांबवली, ते मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्या प्रकरणात कुणाच्या हातात बेडी पडली नाही की पेपरात फोटो आला नाही. तरी नोकरीत इतका हलका होऊन मी क्वचितच घरी गेलो असेन.

नाव-गाव सांगणार नाही, ती सवय खात्यानं लावली आणि ती चांगली सवय आहे. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता, पण आमच्या कितीतरी कागदांवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं होतं. माझं ठाणं पांढुर्णा आणि सौसरच्या मधल्या टापूत. ज्या गावाची ही हकिकत आहे ते तिगाव स्टेशनपासून फार लांब नाही. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, कपाशीची शेतं आणि नागपूरकडची सोयरीक. एवढं पुरे.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी ठाण्यात बसून रोजनामचा तपासत होतो. फोन वाजला. लिखापढी करणाऱ्या मुन्शीनं उचलला आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून मला म्हणाला, "साहेब, नाव सांगून नाही राह्यला. तुमच्याशीच बोलतो म्हणते."

मी फोन घेतला. पलीकडचा माणूस दम लागल्यासारखा बोलत होता.

"साहेब, आमच्या गावचे गुरुजी वारले. चार वाजता गेले म्हणतात. पण आत्ता आंघोळ घालतानी आंग लाकडावानी कडक होतं. डोक्याच्या मांगं फुटलं हाय. अन् सकाळीच सुनेचं अन् त्याईचं भांडण झालं होतं. घाटावर सरण रचून राह्यले. येत असान तं लवकर या."

फोन बंद.

निनावी फोनांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. दहातले आठ फोन बांधाच्या भांडणातून, नाहीतर सरपंचाच्या निवडणुकीतून येतात. पण ज्याला कुणावर सूड उगवायचा असतो तो थेट 'विष दिलं', 'गळा दाबला' असं ठोकून देतो. हा माणूस फक्त त्याच्या हाताला जे लागलं तेवढंच सांगत होता. माणूस गेल्यावर दीड तासात अंग पूर्ण कडक होत नाही, हे ठाण्यातल्या जुन्या शिपायालाही माहीत असतं. मी टोपी घातली, एक प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, आणि एक महिला आरक्षक बरोबर घेतली आणि निघालो.

घाटावर पोचलो तेव्हा तिरडी खाली ठेवलेली होती. लाकडं रचून झाली होती आणि गोवऱ्या लावणं चाललं होतं. शे-दीडशे माणसं असतील. निम्म्यांच्या कपाळाला लग्नाचं कुंकू आणि अक्षता तशाच होत्या, एकदोघांच्या डोक्याला तर फेटाही. मला ते विचित्र वाटलं. विचारल्यावर कळलं, त्याच दिवशी दुपारी गुरुजींच्या पुतणीचं लग्न लागलं होतं. चारला वरात मुलीला घेऊन लोधीखेड्याला गेली आणि त्यानंतर अर्ध्या तासात घरातून रडण्याचा आवाज आला.

मी म्हणालो, "थांबा. काडी लावू नका."

खाकी कपड्यांतला माणूस घाटावर असं बोलला की काय होतं, ते एकदा अनुभवावं. पहिल्यांदा शांतता, मग एकदम गलका. गुरुजींचा मुलगा, पांढुर्ण्याच्या एका शाळेत बाबू होता, तो पुढे आला.

"साहेब, माझा बाप आहे. दिवस बुडून राह्यला. आता कायचे कागद पायजेत तुमाले? म्हातारा माणूस घरी मेला, त्याले जाळाले बी पोलीसची परवानगी लागते का?"

प्रश्न रास्त होता. लोकांचा तिथेच गोंधळ होतो, म्हणून मी त्याला दिलेलं उत्तर इथे लिहितो. माणूस म्हातारपणानं, आजारानं घरी गेला तर पोलिसांची परवानगी लागत नाही. उपचार करणारा डॉक्टर असेल तर त्याच्याकडून मृत्यूचं कारण लिहून घ्यावं, अंत्यसंस्कार करावा आणि एकवीस दिवसांच्या आत पंचायतीत नाहीतर नगरपालिकेत नोंद करावी, एवढंच. पण पडून, भाजून, विषानं, साप चावून, गाडीखाली येऊन, किंवा कसा गेला हे कुणालाच नीट सांगता येत नसेल, तर आधी ठाण्यात कळवावं लागतं. आम्ही त्याची नोंद करतो, तिला आमच्याकडे मर्ग म्हणतात. मग पाच पंचांसमोर पंचनामा, डॉक्टरकडून शवविच्छेदन, आणि त्यानंतर शरीर घरच्यांच्या ताब्यात. तेव्हा हे कलम १७४ होतं, नव्या कायद्यात १९४ झालं आहे. आकडा बदलला, पद्धत तीच.

"पण माझा बाप पडला कुठं?" मुलगा म्हणाला.

मी त्याला तिरडीजवळ नेलं आणि डोक्यामागचा भाग हळूच दाखवला. केस ओले होते, पण जखम दिसत होती. बोटाच्या पेराएवढी. तो बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, की याला काही माहीत नाही. माझे अंदाज पुष्कळदा चुकले आहेत, हा चुकला नाही.

पंचनामा घाटावरच केला. शरीर सरकारी दवाखान्यात रवाना केलं. डॉक्टर म्हणाले, विच्छेदन उजेडात करू, सकाळी नऊला. गर्दीतून मागून कुणीतरी म्हणालं, "सुनेले विचारा ना साहेब." मग दुसरा आवाज, "खा अन् मरा एकदाचे, असं म्हणत होती सकाळी. आम्ही ऐकलं." मी मागे वळून पाहिलं नाही, पण ऐकून घेतलं.

गुरुजी म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. घरात त्यांची बायको, तिला सगळं गाव काकू म्हणत असे, मुलगा आणि सून. शेजारच्याच घरात त्यांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको आणि मुलगी. ही मुलगी गुरुजींनीच शिकवली, तिचं लग्नही त्यांनीच जमवलं. दोन घरांच्या मध्ये एक भिंत. मांडव अजून तसाच उभा होता आणि पंगतीच्या पत्रावळींवर कुत्री गोळा झाली होती.

ओसरीवर बसून मी बयान, म्हणजे जबाब, घ्यायला सुरुवात केली. काकू आणि सून, दोघींचं म्हणणं एकच. सकाळी गुरुजींना थंडी वाजून ताप आला, दोन गोधड्या पांघरल्या, गोळी दिली, ते दिवसभर झोपले, म्हणून मांडवात आले नाहीत. चार वाजता वरात गेली, जाऊन बघतो तर श्वास नव्हता. आणि जखम? "मांगच्या हप्त्यात खाटेचा कोना लागला होता."

चाळीस वर्षं माणसांचं ऐकल्यावर एक कळतं. घडलेली गोष्ट दोन माणसं दोन तऱ्हांनी सांगतात. एक आधी तापाचं सांगेल, दुसरी आधी गोळीचं. या दोघींची वाक्यं शाळेतल्या कवितेसारखी एका क्रमानं येत होती. त्यात सून प्रत्येक उत्तराआधी सासूकडे बघत होती. आणि दोघींच्याही डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. काकूंचं मी समजू शकत होतो, त्या वयात माणसं आतल्या आत गिळतात. सुनेचं मात्र मला खटकलं, हे कबूल करतो.

मी सुनेला विचारलं, "ताई, सकाळी भांडण कशावरून झालं?"

तिनं सासूकडे पाहिलं. तिचा नवरा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "सांग ना. रोजचंच होतं ते, सांगून टाक." ती तरी गप्प. मग तो तिच्याकडे असं बघू लागला, की मला त्याला बाहेर पाठवावं लागलं. तिच्यासाठी त्या घरात आता कुणीच उरलं नव्हतं. गावानं निकाल दिलाच होता, नवरा द्यायच्या बेतात होता. तिच्या बाजूनं एक सासू, तीही खोटं बोलत होती.

मी उठलो आणि गुरुजींची खोली बघायला गेलो. ठाण्यात बसून प्रकरणं सुटत नाहीत, खोल्या बघून सुटतात, हे माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं. लहान खोली, एक खाट, भिंतीवर जुनं कॅलेंडर. आणि खाटेच्या अगदी उशाशी कूलर. मोठा, लोखंडी. मधल्या खोलीतून तो ओढत आणल्याच्या रेघा फरशीवर स्पष्ट होत्या. मी टाकीचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ भरलेलं, गवत चिंब ओलं. म्हणजे दिवसभरात दोन-तीनदा तरी कुणीतरी बादल्या ओतल्या असणार.

मी दोघींना आत बोलावलं. कूलरकडे बोट दाखवलं.

"काकू, थंडी वाजून ताप आलेल्या माणसाला कूलरखाली कोण झोपवतं?"

काकू खाली बसल्या. भिंतीला टेकून, पाय पसरून, जणू दिवसभरात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. पदर तोंडाला लावला. सुनेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, आता सांगा. माझ्यानं आता नाही सोसवत."

मग काकूंनी सांगितलं. मी त्यांचे शब्द जवळजवळ तसेच देतो.

"साहेब, ते सकाळी आठलाच गेले. मी पलीकडं पोरीले तयार करून राह्यले होते. ही आली, तोंड पांढरंफटक. न्हाणीत पडले होते. आम्ही दोघीनं उचलून आणलं. नाडी पाह्यली, छातीले कान लावला. काईच नव्हतं. ही वरडणार होती, म्या तिच्या तोंडावर हात ठेवला. भिंतीपलीकडं पोरगी मुंडावळ्या बांधून बसली होती साहेब! एकदा हे लग्न मोडता मोडता राह्यलं. मांगच्या साली नवरदेवाचा आजा मेला अन् तारीख पुढं गेली. आता पुन्हा थांबलं असतं तं लोकायनं पोरीले पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. आमची भावकी एक. तोंडातून शब्द निघाला का सुतक लागते. कळलं नाही तवरी लागत नाही. म्हून म्या म्हटलं, आज दोघीलेच कळलं हाय. पोरगा मांडवाच्या कामात होता, त्याले बी नाही सांगितलं. वरात जाऊ दे."

मी विचारलं, "आणि तुम्ही मांडवात गेलात?"

"गेले ना. विहिणीची ओटी भरली. पंगतीत बुंदी वाढली. हिनं बी वाढली. कोणी विचारलं, गुरुजी कुठं हायत, का म्हणाव, ताप हाय, झोपले हायत." मग त्या म्हणाल्या, "लग्न लागल्यावर पोरगी अन् जावई पाया पडाले आले. म्या दारातच उभी राह्यले. म्हटलं, झोपेची गोळी देल्ली, उठवू नको, उंबरठ्यावूनच नमस्कार कर. दोघायनं केला. कूलर चालू होता."

महिला आरक्षक लिहिता लिहिता थांबली होती. मी तिला लिही म्हणालो.

आमच्याकडे लग्नघरी मृत्यू लपवायची ही रीत नवी नाही. माझ्या आजोळीही एकदा असंच केलं होतं, असं मी लहानपणी ऐकलं आहे. त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसतो. पण जे घरात चालतं ते कागदावर भलतंच दिसतं. मेल्याची वेळ खोटी, ताप खोटा, जखमेचं कारण खोटं, आणि दिवस मावळायच्या आत जाळायची घाई. कोणत्याही कोर्टात हे चार मुद्दे मांडा, खुनाचा संशय येणारच. काकूंनी पुतणीला वाचवताना सुनेला खड्ड्यात ढकललं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता राहिलं सकाळचं भांडण. सासूनं तोंड उघडल्यावर सुनेनंही उघडलं.

"त्याईले खर्रा लागे साहेब, तमाखू-सुपारीचा. दिवसाचे पाच-सहा. डॉक्टरनं सक्त मना केली होती, छातीत दुखे म्हून. मी पुड्या लपवत होते, ते शोधत होते. आमचं रोजचंच. आज सकाळी पोरीच्या लग्नाचा दिवस, म्हणे एक तरी दे. मी त्याईच्या हातातली पुडी हिसकली. जोरात हिसकली. अन् म्हटलं, खा अन् मरा एकदाचे! ते हळूच उठून न्हाणीत गेले. मंग आवाज आला."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हिसकतानी माझा धक्का लागला का साहेब? मी सकाळपासून तेच आठवून राह्यले. मले आठवतच नाही."

मी तिला काय सांगणार? मलाही माहीत नव्हतं. खोटा धीर द्यायची पोलिसाला मुभा नसते. मी एवढंच म्हणालो, "उद्या डॉक्टर सांगतील, ताई. ते जे सांगतील ते खरं."

दारामागून नवऱ्यानं सगळं ऐकलं असावं. तो आत आला आणि तिला म्हणाला, "बाप मेला होता अन् तू मले जेवाले वाढत होती?" आणि तो परत बाहेर गेला. मी दोघींची बयानं नव्यानं लिहून घेतली, खऱ्या वेळेसकट. महिला आरक्षकाला रात्री तिथेच ठेवलं. कागदावर ते चौकशीसाठी होतं. खरं सांगायचं तर सुनेनं जिवाचं काही बरंवाईट करू नये ही धास्ती मला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तर आवारात लिंबाखाली नवी नवरी उभी होती. हातात हिरवा चुडा, पायांना हळद. लोधीखेड्याहून सासऱ्याला आणि नवऱ्याला घेऊन पहाटेच निघाली होती. बातमी तिथवर पोचली होतीच. सासरा बिचारा गोंधळलेला, सारखा घाम पुसत होता. मला तिचंही बयान हवं होतं, कारण दुपारी गुरुजींना बघणारी बाहेरची ती आणि तिचा नवरा, दोघंच.

मी विचारलं, "बाई, तू उंबरठ्यावरून नमस्कार केलास तेव्हा ते कसे दिसले?"

ती म्हणाली, "साहेब, मले तेव्हाच समजलं."

तिचा नवरा चमकून तिच्याकडे बघू लागला.

"मोठे बाबाले कूलर चालतच नाही. संधिवात हाय. आमच्या घरी बी आले का आधी कूलर बंद करायले लावत. अन् काल खोलीतून गार वारं येऊन राह्यलं होतं. मोठी आई दार सोडून हलली नाही. वहिनीकडं पाह्यलं, तिनं मान खाली घातली." ती पुढे म्हणाली, "मी वरडले असते तं त्या दोघीनं दिवसभर जे सोसलं ते वाया गेलं असतं. म्हून मी बी नमस्कार केला अन् मांडवात जाऊन बसले. तुमाले जे लिहायचं ते लिहा, पण वहिनीनं काई नाही केलं. मोठे बाबा तिच्या हातचंच खात होते."

तीन बायका, एक भिंत, एक मांडव, आणि तिघींनाही तेच ठाऊक. आणि नवरीला तर कुणी एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. पोलिसांत आयुष्य गेलं, टोळ्या फोडल्या, पण अशी टोळी मी पाहिली नव्हती. तिच्या सासऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अशी सून भेटली, आमचं नशीब." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

तरी माझं काम संपलं नव्हतं. नवरीच्या बयानानं त्या दोघी खोटं का बोलल्या ते सिद्ध झालं, गुरुजी कसे गेले ते नाही. मी विच्छेदनगृहाबाहेरच्या बाकावर बसलो. पलीकडच्या बाकावर सून, तिच्यापासून दोन हात लांब नवरा.  मी कितीतरी वेळा तसा बसलो आहे आणि बहुतेक वेळा मनातून मला गुन्हा हवा असायचा, कारण गुन्हा असला की तपासाला दिशा मिळते. त्या दिवशी मी मनातल्या मनात चक्क प्रार्थना करत होतो की गुन्हा नसू दे.

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण काम चोख. मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोक्याची जखम फक्त कातडीपुरती आहे. हाड शाबूत, आत कुठे रक्त साचलेलं नाही. अंगावर झटापटीची, ढकलल्याची खूण नाही. हृदयाच्या मोठ्या धमनीत ताजी गुठळी आहे. आधी हृदय थांबलं, मग ते पडले. धक्का लागून मेलेला माणूस असा नसतो."

"नक्की?"

"लिहूनच देतो ना."

"आत्ताच द्या," मी म्हणालो. सविस्तर अहवाल नंतर आला आणि त्यातही हेच होतं. पण त्या वेळी मला प्राथमिक अभिप्रायाचा तो एक कागद हवा होता. शाई वाळायच्या आत मी तो घेतला. सुनेला तिथे काहीच सांगितलं नाही, याबद्दल नंतर माझ्या बायकोनं मला फैलावर घेतलं. पण मला वाटलं, ज्या गावानं तिच्यावर बोट उचललं त्या गावासमोरच ते वाचलं जावं. शरीर सुपुर्दनाम्यावर सही घेऊन मुलाच्या ताब्यात दिलं आणि मी गाडी घेऊन त्यांच्या मागे निघालो. असं करायची काही गरज नव्हती.

अंगणात तिरडी पुन्हा बांधली गेली. पुरुष एकीकडे, बायका ओसरीवर. सून खांबाला धरून सगळ्यांत मागे. मी पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "उचलायच्या आधी दोन मिनिटं ऐका." डॉक्टरांचा कागद ओळ न ओळ वाचला. कातडीपुरती जखम. मारहाणीची खूण नाही. मृत्यूचं कारण, हृदयविकाराचा झटका. मग कागद घडी करत मी म्हणालो, "काल ज्यांनी ज्यांनी मला सुनेला विचारा म्हणून सांगितलं, त्यांना हे ऐकू आलं असेल. नसेल आलं तर पुन्हा वाचतो."

 काकू उठल्या, मागे जाऊन सुनेला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाल्या, "आता रडून घे, पोरी. आता कोणी काई म्हणत नाही." ती सासूच्या गळ्यात पडून जी रडली, ती आवरेच ना. नवराही जवळ गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी तोंड फिरवून मोटारीकडे बघत बसलो, कारण साहेबाचे डोळे ओले झालेले गावानं बघावं असं मला वाटत नव्हतं.

खोटं बोलल्याबद्दल मी काकूंना समज दिली. मोठ्या साहेबांना जे घडलं ते जसंच्या तसं लिहून कळवलं, खोट्या बयानाचा आणि खऱ्या बयानाचा असे दोन्ही कागद जोडले. त्यांनी प्रकरण नैसर्गिक मृत्यू म्हणून बंद केलं आणि वर पेन्सिलीनं फक्त 'ठीक' लिहिलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? तोपर्यंत पंचनामा, विच्छेदन, मर्ग हे सगळं मी मेलेल्या माणसासाठीचं काम समजत होतो. लोकही तसंच समजतात, म्हणून ते कागदाला वैतागतात आणि 'गेला त्याची चिरफाड कशाला' म्हणतात. मीही निवृत्तीला टेकेपर्यंत ते नीट समजलो नव्हतो. ते मला एका बाईनं त्याच अंगणात समजावलं.

तिरडी उचलायच्या बेतात असताना गर्दीतून एक माणूस पुढे आला. चाळिशीचा, सुनेच्या नवऱ्याचा भावकीतला चुलतभाऊ. आदल्या दिवशी गुरुजींना आंघोळ घालणाऱ्यांत तो होता. खबऱ्याचं नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि याचंही सांगितलं नसतं. त्यानं स्वतःच सगळ्यांसमोर हात जोडले.

"वहिनी, फोन म्या केला होता. माझ्यामुळं तुमची अशी बेइज्जती झाली. चुकलं माझं."

अंगणात पुन्हा कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता ही बाई त्याला चार शब्द सुनावेल, आणि तिला तो हक्क होता. तिनं पदरानं डोळे पुसले.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही फोन केला ते लय बरं केलं. काल जाळून टाकलं असतं तं गावानं दोन महिन्यात इसरून बी टाकलं असतं. पण मले वाटत राह्यलं असतं ना, जलमभर, का मीच मारलं."